०३२३३ नंबरचं कासव आणि फाटलेल्या जाळ्याचा हिशोब

आजचा भाग थोडा लांबलाय. लोकलमध्ये ऐकत असाल तर एका फेरीत संपेलच असं नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. बोललेय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' थोडे कमी केलेत. सगळे काढले असते तर भाग अर्धाच उरला असता.

तर, एका कासविणीपासून सुरू करू. जानेवारी २०२५ च्या शेवटी गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री एक ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला वर आली. कोकणात हे नवीन नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर, अगदी खाली सिंधुदुर्गापर्यंत त्या येतात, वाळूत खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू ओढतात आणि मागे वळून न बघता समुद्रात निघून जातात. पण या कासविणीच्या फ्लिपरवर धातूची एक छोटी पट्टी होती. त्यावर नंबर होता ०३२३३.

नंबर शोधला तेव्हा कळलं, ही पट्टी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२१ मध्ये तिला लावली होती. कुठे? ओडिशात, गहिरमाथ्याला. म्हणजे देशाच्या दुसऱ्या बाजूला. समुद्रातून अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला असं आपण धरून चाललो होतो, आणि ही बाई चार वर्षांपूर्वी तिकडे अंडी घालून आता इकडे हजर!

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच आलं की एकच युजर, एकच आयडी, आणि मधे किती सिस्टीम? ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. प्रत्येकाचे नियम वेगळे, खातं वेगळं, अंमलबजावणी वेगळी. आणि या युजरने कुठेही लॉगिन केलेलं नाही.

ती नेमकी कुठून वळून आली हे धातूची पट्टी सांगत नाही, तिला जीपीएस नसतं. पण २०२३ मध्ये गुहागरलाच दोन कासविणींना सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले होते. त्यातली बागेश्री नावाची कासवीण किनाऱ्याने दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. म्हणजे रस्ता आहे, वाहता आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो.

आता जरा नागरिकशास्त्र. कंटाळवाणं आहे पण दोन मिनिटं सहन करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे जवळपास २२ किलोमीटरपर्यंत मासेमारीचे नियम राज्य सरकार करतं. राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत आहे. त्या १२ मैलांच्या पुढे, २०० सागरी मैलांपर्यंत, केंद्राचा अधिकार. आणि किनाऱ्याच्या जमिनीवर काय बांधायचं, किती अंतर सोडायचं, याला केंद्राची सीआरझेडची अधिसूचना, पहिली १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, म्हणजे वनखात्याकडे. मासे मात्र मत्स्यखात्याकडे. त्यामुळे एकाच जाळ्यात बांगडा आणि कासव आलं तर जाळ्याच्या आत दोन खाती बसलेली असतात.

हे सगळं वाचताना एक प्रश्न मी प्रत्येक नियमाला विचारत गेले. या कासविणीला वाचवायचा खर्च कोण करतंय? खर्च म्हणजे खरेच पैसे. फाटलेलं जाळं, वाया गेलेलं डिझेल, बुडालेला दिवस. कारण खर्च कुणीतरी करतंच. कागदावर तो कुणाच्या नावावर टाकलाय एवढाच फरक असतो.

ओडिशापासून बघू. गहिरमाथ्याला १९९७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. शिवाय धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीला बंदी असते, किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत. सात महिने! तिथे लाखोंनी कासवं एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, त्यामुळे बंदी कडक असणार हे समजतं. तिथल्याच बेटावरून होणाऱ्या क्षेपणास्त्र चाचण्यासुद्धा अंडी घालायच्या दिवसांत थांबवल्या जातात. हे मला फार आवडलं. कासवासाठी मिसाईल थांबतं.

पण मिसाईलला सात महिने घर चालवायचं नसतं. ओडिशा सरकार बंदीचा फटका बसणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना मदत देतं. आधी वर्षाला ७,५०० रुपये होती, पुढे १५,००० केली. १५,००० भागिले ७ करा. महिन्याला २,१४३ रुपये. हिंजवडीत दोघांचं एका शनिवारचं बिल यापेक्षा जास्त होतं. तरीही मी याला हसणार नाही, कारण निदान तिथे कुणीतरी मान्य केलंय की बंदीला किंमत असते आणि ती सगळी एकट्या मच्छीमाराने भरायची नाही.

खाली तमिळनाडूत नियम असा की यांत्रिक ट्रॉलरने किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत यायचं नाही. नियम चांगला आहे. पण आपली ०३२३३ गुहागरला पोचली त्याच जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या आसपासच्या किनाऱ्यांवर मेलेली ऑलिव्ह रिडले कासवं लागत होती, शेकड्यांनी. कासवाला फुप्फुसं असतात, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं. ट्रॉलरचं जाळं तासन् तास पाण्याखाली ओढलं जातं, त्यात अडकलेलं कासव बुडून मरतं. समुद्रातला प्राणी समुद्रात बुडतो, ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

यावर एक उपकरण आहे, टेड म्हणतात त्याला, टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस. जाळ्याच्या मानेत तिरकी लोखंडी जाळी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना आपटून वरच्या फटीतून बाहेर पडतं. आपल्याच कोचीच्या संस्थेने, सिफ्टने, आपल्या बोटींना चालेल असा त्याचा नमुना केलाय. मच्छीमारांची तक्रार असते की त्या फटीतून कासवाबरोबर माझा मालही जातो. थोडा जातोच. मग हा थोडा माल कुणाचा गेला? बोटवाल्याचा. म्हणून टेड पेटीत राहतं आणि पाहणी असली की बाहेर येतं. अमेरिकेने मात्र ठरवलं, टेड नसेल तर तुमची समुद्रातून पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही, आणि गेली काही वर्षं भारताची तशी कोळंबी तिथे जात नाही. तळ्यातली जाते. म्हणजे आपल्या समुद्रात लोखंडी जाळी बसवायची की नाही, याचा एक निर्णय वॉशिंग्टनमध्येही होतो.

आता एक राज्य मधेच घुसवते, गुजरात. ते ०३२३३ च्या रस्त्यात येत नाही, पण पुढे महाराष्ट्राबद्दल जे सांगायचंय ते त्याच्याशिवाय कळणार नाही.

साधारण २५ वर्षांपूर्वी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार जोरात चालायची. जगातला सगळ्यात मोठा मासा, दात असून नसल्यासारखे, खातो प्लवक. त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायचे, मांस बाहेर जायचं. माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला, गाजला, आणि २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. वाघाच्या रांगेत. म्हणजे मारलात तर तुरुंग.

कायदा झाला. पण कायदा झाल्यावर मच्छीमार काय करणार? जाळ्यात दहा मीटरचा मासा अडकलाय. मारला तर गुन्हा. सोडायचा तर जाळं कापावं लागतं. म्हणून २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखातं आणि इतरांनी तिथे मोहीम काढली. मोरारी बापूंनी गावोगाव सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, तिला कुणी मारतं का? लोकांना ते भिडलं. पण नुसत्या लेकीच्या गोष्टीवर जाळं विकत येत नाही हेही त्यांना कळत होतं. गुजरातच्या वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. पुढे तर मच्छीमारांना साधे कॅमेरे दिले, की सुटका तुम्हीच करा, फोटो तुम्हीच काढा, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो. नऊशेच्या वर व्हेल शार्क असे सुटले. मारणारेच सोडवणारे झाले. तेही एका पिढीत.

माझ्या मते या गोष्टीत बापूंइतकंच श्रेय त्या कॅमेऱ्याला आहे.

महाराष्ट्राने ही कल्पना डिसेंबर २०१८ मध्ये घेतली. शासन निर्णय निघाला की मासेमारी करताना संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं, तर नुकसानभरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत मिळतील. सोडवल्याचा फोटो किंवा व्हिडिओ, बोटीची कागदपत्रं आणि अर्ज. यात वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे आणि मत्स्यखातंही. म्हणजे जाळ्यात बसलेली ती दोन खाती निदान एका कागदावर आली.

माझा मामा दापोली तालुक्यात मासेमारी करतो. बोट स्वतःची, म्हणजे निम्मी बँकेची. गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैची बंदी चालू असताना मी गेले होते. तो ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी विचारलं, "मामा, कासव अडकलं तर काय करतोस?"

"काय करणार? हळूहळू सोडवतो. सुटलं तर बरं. नाही सुटलं तर सुरी घ्यायची."

"आणि जाळं?"

"जाळं आपलंच ना ते. देवाने थोडंच भरून द्यायचं?"

"अरे पण आता सरकार देतं ना?"

"देतं. एकदा मिळाले. त्याच्या आधी एकदा राहिले." आणि हसायलाच लागला. पहिल्या वेळेला पहाटे तीन वाजता कासव आलं, मामाने जाळं कापलं, खलाशाला ओरडला, फोटो काढ, फोटो काढ. तो पोरगा नेपाळचा, बोटीवर नवीन. त्याने मनापासून फोटो काढला. कासव केव्हाच पाण्यात. फोटोत मामा एकटा, हातात सुरी, तोंडावर फ्लॅश. "तो फोटो जोडून अर्ज केला असता तर मलाच आत टाकलं असतं," म्हणाला.

हसून झाल्यावर मी जरा त्याच प्रसंगाकडे माझ्या कामाच्या नजरेने बघितलं. बोट हलतेय. हात ओले, खारट. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, कारण तो भिजला तर आणखी एक नुकसान. चाळीस किलोचं कासव फ्लिपर आपटतंय. बाकीचं जाळं ओढायचंय, कारण त्यात आजचा माल आहे. आणि या सगळ्यात पुरावा असा हवा की प्राणी ओळखू येईल, जाळं कापलेलं दिसेल, आणि तो जिवंत सुटला हेही कळेल. आम्ही ॲप बनवतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, युजर कुठे उभा आहे? इथे युजर उभाच नाहीये, तो डुलतोय.

तरीही मी म्हणेन, किनाऱ्याबद्दलच्या सगळ्या धोरणांमध्ये मला हे एक सगळ्यात हुशार वाटतं. दोन कारणांनी. एक तर त्याने भीती कमी केली. आधी कासव जाळ्यात आलं हे सांगणंच धोक्याचं वाटायचं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी तुमच्या बोटीवर, कोण विश्वास ठेवणार की चुकून आला? त्यापेक्षा गुपचूप टाकून दिलेलं बरं. आता तोच माणूस स्वतःहून व्हिडिओ पाठवतो. आणि त्यातून दुसरी गोष्ट झाली, जी बहुतेक कुणी ठरवून केली नसावी. माहिती जमायला लागली. कुठल्या बंदरासमोर, कुठल्या महिन्यात, कुठला प्राणी अडकतो. गिटारफिश, व्हेल शार्क, हिरवं कासव. असं सर्वेक्षण करायला संशोधकांना बोटी भाड्याने घ्याव्या लागल्या असत्या. इथे बोटी रोज जातातच.

उणीवही आहे. भरपाई जाळ्याची आहे, दिवसाची नाही. जाळं कापलं की त्या फेरीचं डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळं डोक्यावर. आणि २५,००० ही वरची मर्यादा. मोठ्या जाळ्याला मोठा प्राणी अडकला तर ते पैसे अर्ध्याला पुरत नाहीत. २०१८ चा आकडा नायलॉनच्या भावाबरोबर दरवर्षी वाढावा, एवढं तरी करता येईल. ते एका ओळीचं काम आहे.

वेळासची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, म्हणून पटकन. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कामाला सुरुवात केली तेव्हा कासवाची बरीच अंडी किनाऱ्यावरून माणसं आणि कोल्हे-कुत्रे यांच्याच पोटात जायची. घरटी राखायची तर राखणार कोण? गावातलेच. मग कासव महोत्सव आला, पुण्या-मुंबईची माणसं पिल्लं बघायला यायला लागली, घराघरांत राहायची-जेवायची सोय झाली. घरटं शाबूत राहिलं तर माणसं येतात, माणसं आली तर मोदकांचे पैसे मिळतात. पूर्वी नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जायचं, आता कासवांचं. नानांनाही हा हिशोब पटला असता असं मला वाटतं, हिशोबाला पक्का माणूस.

कांदळवनाबाबतही थोडंफार असंच. न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामावर बंदी घातली, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. तो दांडा होता. आणि २०१७ च्या योजनेत किनाऱ्यावरच्या गावांना खेकडे पाळायला, पिंजऱ्यात मासे वाढवायला मोठं अनुदान मिळालं, गटाला ९० टक्क्यांपर्यंत. दांडा आणि गूळ दोन्ही. कांदळवनावर एक पूर्ण भाग करायचाय, त्यामुळे इथेच सोडते.

आता जिथे हिशोब जुळत नाही तिकडे येऊ.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. सातपाटीच्या मच्छीमारांची ही जुनी मागणी, कारण पापलेट कमी होतंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. त्याच वर्षी राज्याने पन्नासहून जास्त जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचं नाही. शास्त्र बरोबर आहे. माशाला एकदा तरी अंडी घालू द्या, मग खा. केरळने हे २०१५ पासूनच सुरू केलं होतं.

पण डोल जाळं कसं चालतं ते बघा. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभं लावलेलं असतं, प्रवाह जे आणेल ते आत. ते माशाला वय विचारत नाही. वर ओढेपर्यंत चार इंचांचं पापलेट मेलेलं असतं. त्याला परत पाण्यात टाकून कुणाचं भलं होणार? खरा उपाय आहे जाळ्याचा आस मोठा करणं, म्हणजे लहान मासा आधीच निसटेल. आस मोठा म्हणजे नवं जाळं. नवं जाळं म्हणजे लाखांतला खर्च, आणि पहिली दोन-तीन वर्षं हातात येणारा माल कमी. फायदा नंतर, आणि तोही सगळ्यांना, शेजारच्या बंदराच्या बोटींनासुद्धा. हा खर्च कुणी करायचा यावर मात्र फूटपट्टीइतकं स्पष्ट उत्तर नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यातून कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलतींचा रस्ता उघडला. त्याच रस्त्याने आस बदलायचं अनुदान आलं तर १३५ चा आकडा जाळ्यात उतरेल.

आणि आपण? बाजारात "छोटी पापलेटं द्या ना, स्वस्त आहेत, तव्यावर मावतात" असं म्हणणारे आपणच. माझी आई म्हणायची. आता मी फोनवर माप दाखवते, ती मला ओट्यापाशी उभं राहू देत नाही.

एलईडीचं बघा. बोटीवर मोठा जनरेटर, हजारो वॅटचे दिवे, रात्री दिवस करायचा. मासा उजेडाकडे येतो, लहान-मोठा सगळा, आणि एका घेरात सगळा उचलायचा. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये १९८१ चा सागरी मासेमारी कायदा बदलला, दंड लाखांत नेला. २०२५ पासून ड्रोनही फिरतात. पण ती १२ मैलांची रेघ आठवा. दिवे १३ व्या मैलावर लावले, तर मासा ११ व्या मैलावरून उजेडाकडे जातो. रेघेच्या आतल्या छोट्या होडीला त्याच रात्री कमी मिळतं. बंदी पाळणाऱ्याने खर्च उचलला आणि मोडणाऱ्याने माल उचलला. मामाला नियमांचा राग नाही. त्याला राग याचा आहे की तो नियम पाळतो तेव्हा क्षितिजावर उजेड दिसत असतो.

आणि शेवटचा आकडा, जो या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. सातपाटी पालघर जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला, ७६,२०० कोटी रुपयांचं बंदर होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचाय. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, सगळ्या परवानग्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून प्रकल्प पुढे गेलाय, आणि मच्छीमार आजही विरोध करतायत. बंदर नकोच असं माझं म्हणणं नाही. मी ज्या सर्व्हरवर काम करते ते सर्व्हरसुद्धा कुठल्यातरी बंदरातूनच आलेत. पण मच्छीमाराला मासा १३५ मिलिमीटर मोजायला लावणारं आणि मासा वाढतो तिथे १,४४८ हेक्टर भराव घालणारं सरकार एकच आहे. मग मोजपट्टी दोन्हीकडे सारखी लावा. जाळं कापलेल्या मामाला फोटो, अर्ज, कागदपत्रं आणि २५,००० ची मर्यादा. मग ज्यांची मासेमारीची जागाच जाईल त्यांचं नुकसान कुठल्या फॉर्मवर, कुठल्या दराने, किती पिढ्यांचं, हे भरावाचा पहिला दगड पडायच्या आधी गावाच्या भिंतीवर लावलेलं असायला हवं. शक्यतो मराठीत, आणि मांगेली-कोळी बायकांना वाचता येईल अशा अक्षरात, कारण मासा विकतात त्या.

या भागात एवढंच. आता कामाचं. मोसमात गुहागर, आंजर्ले, वेळासला जाणार असाल तर रात्री वाळूत टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी हॉटेलच्या दिशेने चालू लागतात. अंडी घालणाऱ्या कासविणीसमोर जाऊन सेल्फी नको. किनाऱ्यावर जखमी किंवा अडकलेलं कासव, डॉल्फिन दिसलं तर स्वतः पाण्यात ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. फ्लिपरवर पट्टी दिसली तर ती काढायची नाही, लांबूनच नंबरचा फोटो घ्या आणि कळवा. आणि तुमच्या घरात, ओळखीत कुणी बोटीवर जात असेल तर त्यांच्या फोनमध्ये एक गोष्ट करून द्या : कॅमेऱ्याचं लोकेशन चालू, आणि व्हिडिओ लॉक स्क्रीनवरून एका बटणात. खलाशालाही दाखवून ठेवा की कॅमेरा कुठल्या बाजूला धरायचा.

पुढचा भाग कांदळवनावर, दोन आठवड्यांनी. तुमच्या बंदरावर जाळ्याची भरपाई कुणाला मिळाली असेल, किंवा अर्ज अडला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. मामा म्हणालाय, तो पण एक पाठवणार आहे. बघू, या वेळी तरी रेकॉर्डचं बटण दाबतो का. भेटू!